ताट कुणी उचलायचं

सत्यशीलाबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक लिहावी लागते. कारण ती आमच्याकडे आली तीच मुळी हातात माझ्या चुकीचा कागद घेऊन.

मी बन्सीधर, मूळचा वालूरचा. परभणीत वसमत रोडला दिनकररावांची माती तपासायची प्रयोगशाळा होती, तिथं मी माती चाळायचो. शेतकऱ्यानं पिशवीत आणलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीनं कुटायची, बारीक चाळणीतून काढायची आणि पुढं द्यायची. हे काम मी चोख करायचो. पण माझं खरं मोठेपण दुसऱ्याच कामात होतं. तपासणीचा कागद निघायचा इंग्रजीत, आणि मी पडलो जुना मॅट्रिक. तेव्हा कागद वाचून दाखवायचा मान माझा. मी चष्मा लावून कागद हातात घेतला की वीस-वीस एकरवाली माणसंसुद्धा गप्प उभी राहायची. वाचून झालं की चहा यायचा, कधी तपकिरीची पुडी यायची. जन्मात मी साहेब झालो तो एवढाच.

एक्याण्णव सालच्या मे महिन्यात पेडगावच्या धुरपताबाई आपल्या दोन एकराचा कागद घ्यायला आल्या. मला सेलूची गाडी गाठायची घाई होती. स्फुरदाच्या ओळीत ‘कमी’ लिहिलेलं होतं आणि त्याखाली पालाशच्या ओळीत ‘जास्त’. माझा अंगठा एक ओळ खाली घसरला आणि मी म्हणालो, “बाई, स्फुरद भरपूर हाय तुमच्या रानात. सुपर फॉस्फेटचं पोतं घेऊ नका, पैसे वाचले तुमचे.” बाईंनी मला हात जोडले आणि मी गाडी गाठली.

त्या वर्षी त्यांच्या ज्वारीला कणसं आली ती मुठीत झाकतील एवढीच.

हे मला कळलं ते पुढच्या वर्षी. एक सावळी, ठेंगणी, तेवीसेक वर्षांची मुलगी प्रयोगशाळेत आली. तिनं तो चार घड्यांचा कागद माझ्यासमोर टेबलावर पसरला आणि विचारलं, “काका, हा कागद माझ्या मायला कुणी वाचून दाखवला होता? तिची ज्वारी गेली.”

मी कागद पाहिला. सगळं लख्ख आठवलं. आणि मी म्हणालो, “रोज पन्नास माणसं येतात पोरी, कुणाकुणाचं ध्यानात ठेवायचं?”

तिनं कागदाची परत घडी घातली आणि आत दिनकररावांकडे गेली. मला वाटलं, संपलं, आता आपली नोकरी गेली. अर्ध्या तासानं दिनकरराव बाहेर आले आणि म्हणाले, “बन्सीधर, ही सत्यशीला. उद्यापासून आपल्या कॉम्प्युटरवर बसणार. हिला एक खुर्ची बघ.” मी माझी खुर्ची दिली. दुसरं काय देणार होतो?

दिनकरराव म्हणजे पोखर्णीचे बागायतदार घरातले, शेतीखात्यातून निवृत्त झालेले. मनानं उदार, पण घाईचे. त्यांनी कॉम्प्युटर आणून ठेवला होता आणि वर्षभर त्याच्यावर त्यांच्या घरच्यांनी भरतकाम केलेलं कापड झाकलेलं होतं. ते कापड सत्यशीलानं काढलं.

तिची हकिगत मला तुकड्या-तुकड्यानं कळली, कारण ती स्वतःहून सांगणाऱ्यातली नव्हती. वडील लहानपणीच वारले. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून मराठवाडा पेटला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. धुरपताबाई भीतीनं तिला घेऊन दीड महिना नांदेडला भावाकडे राहिल्या. जाताना डोक्यावर फक्त एक पत्र्याची पेटी नेली. पेटीत लुगडी असतील असं भावाला वाटलं. उघडली तर पोरीची पाटी आणि चौथीची पुस्तकं. मग पोरीनं परभणीत बीएस्सी केलं, औरंगाबादला वसतिगृहात राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि परत आली. तिकडं नोकरी मिळत होती, ती घेतली नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाली, “माय एकटी हाय.” आणि पुढं म्हणाली, “आणि एक कागद लिहायचाय.”

तो कागद म्हणजे मातीचा कागद, मराठीत. गावात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले तेव्हा धुरपताबाई पन्नाशीत पाटी घेऊन बसल्या आणि वाचायला शिकल्या. बसवरच्या पाट्या, दुकानांची नावं, साबणाची वेष्टनं, सगळं वाचून झालं. फक्त स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता येत नव्हता. सत्यशीलानं आईला शब्द दिला होता की पुढच्या वेळी तुझा कागद तू स्वतः वाचशील, मध्ये कुणी लागणार नाही. हे ती माझ्यासमोर बोलली आणि मी उगाच चाळणी झटकत बसलो.

तिची एक सवय माझ्या लगेच डोळ्यात भरली. चहा झाला की ती स्वतःचा कप उचलायची, नळावर विसळायची आणि खिडकीत पालथा घालायची. मी म्हणायचो, “अगं, सगळ्यांचे कप मी विसळतो ना, ठेव तिथं.” ती म्हणायची, “सवय हाय काका.” मग मी विसळायला जायचो तर एक कप कमी भरायचा आणि मी कपाटाखाली शोधत बसायचो. असं आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं.

आता कामाचं सांगतो. मला जेवढं समजलं तेवढंच सांगेन, जास्त विचारू नका.

मुख्य प्रोग्राम लिहीत होते दत्तराव, दिनकररावांचे पुतणे. ते पुण्याला इंजिनियर होते. मातीचे आकडे घ्यायचे, हिशेब करायचा, खत किती ते ठरवायचं, हे सगळं त्यांच्या प्रोग्रामचं काम. आणि त्या आकड्यांचं मराठी वाक्य करून द्यायचं, हे सत्यशीलाच्या लायब्ररीचं. लायब्ररी म्हटल्यावर मी पुस्तकांचं कपाट कुठं ठेवायचं याचा विचार करू लागलो होतो. तिनं समजावलं. घरोघरी जातं ठेवण्यापेक्षा गावात एक गिरणी असते ना, तशी. मराठीचं काम एकदाच लिहून एका फायलीत ठेवायचं. त्या फायलीला ती डीएलएल म्हणायची. मग विंडोजमधल्या कोणत्याही प्रोग्रामनं हाक मारावी, आकडा द्यावा आणि वाक्य घेऊन जावं. उद्या पाण्याच्या तपासणीचा प्रोग्राम आला तरी गिरणी तीच.

अडचण अशी की दोघांचे कंपायलर वेगळे. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा दुभाषी. सत्यशीलाचा एका कंपनीचा, निळ्या पडद्याचा. दत्तरावांचा दुसऱ्याच कंपनीचा, सोळा फ्लॉप्यांवर मावणारा आणि पुण्याच्या त्यांच्या मशीनवरच बसवलेला. दोन्ही नावाजलेले, दोन्ही आपापल्या घरी शहाणे. पण एकाच्या लेकीला दुसऱ्याच्या घरी नांदवायचं म्हटल्यावर रीतिभाती आड येणारच.

सहा महिने फ्लॉप्या परभणी-पुणे एसटीच्या कंडक्टरच्या हाती ये-जा करत होत्या. सुरुवातीला दत्तरावांच्या प्रोग्रामला हिची कामं सापडतच नव्हती, कारण प्रत्येक कंपायलर कामाच्या नावात आपल्या मनानं फेरफार करून ठेवतो. तिनं नावाचा नाद सोडून प्रत्येक कामाला नंबर दिला आणि ते मिटलं. तीन ओळींचा कागद झकास निघाला. नत्र, स्फुरद, पालाश, शुद्ध मराठीत. दिनकररावांनी पेढे वाटले. मग अकरा ओळींचा पूर्ण कागद करायला घेतला आणि तिथं घोडं अडलं. पडद्यावर सात ओळी नीट उमटायच्या आणि आठव्या ओळीला अख्खी खिडकीच गायब. वर एक इंग्रजी पाटी यायची, तिचा अर्थ मी विचारला तर सत्यशीला म्हणाली, “यंत्र म्हणतंय, मी नांदत न्हाई जा.”

आठवी ओळ जस्ताची होती. तिनं जस्त काढून लोह घातलं. तरी आठवीलाच घात. सगळ्या अकरा ओळी स्फुरदाच्याच घातल्या. तरी आठवीलाच. मी सुचवलं की आठवी ओळ कोरी सोडून बघ. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा सल्ला दिला नाही.

दत्तराव फोनवर म्हणायचे, “माझ्याकडे इंग्रजीत चालतंय. तुमच्या मराठीतच काहीतरी आहे.” हे ऐकलं की माझं डोकं तापायचं. माणूस परभणीच्या मातीतला, चार वर्षं पुण्याचं पाणी प्यायला तर लगेच ‘तुमच्या मराठीत’!

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, सात तारखेला, दत्तराव स्वतः आले. सोळाला परत निघायचं आणि फेब्रुवारीत अमेरिका. दिनकररावांनी सत्यशीलाला बोलावून स्पष्ट सांगितलं, “हे बघ, पंधरा तारखेला शनिवारी मी लोकांना बोलावलंय. तोवर अकरा ओळी मराठीत निघाल्या तर तुझी लायब्ररी राहील. नाही तर इंग्रजी कागद चालू करू. दत्ता गेल्यावर या प्रोग्रामला हात लावणारं कुणी नाही, पोरी.”

बाहेर आल्यावर ती टेबलाशी बसली आणि पहिल्यांदा मी तिचे डोळे भरलेले पाहिले. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं की तुझ्या मायचा कागद मीच वाचला होता. पण जीभ वळली नाही. मी भेकड माणूस आहे, आता लपवून काय करू?

नमुन्यासाठी कुणाची तरी ताजी माती हवी होती. दिनकरराव म्हणाले, धुरपताबाईंच्याच रानातली घेऊ. म्हणून रविवारी, नऊ तारखेला, आम्ही चौघं दिनकररावांच्या जीपनं पेडगावला गेलो.

माती काढण्यात मी कुणाला ऐकत नाही. रानात नागमोडी फिरून दहा जागी खड्डे घेतले, इंग्रजी व्हीसारखे, एकेक वीत खोल. प्रत्येकाच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासली, घमेल्यात एकत्र केली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा चार केले. दत्तराव बुटातून ढेकळं झटकत उभे होते. धुरपताबाई कमरेवर हात ठेवून माझं काम बघत होत्या. म्हणाल्या, “भाऊ, लय निगुतीनं करायलाव. मागच्या डावाला बी तुमीच केलं व्हतं का?” मी खोकलो.

मग घरी जेवण. स्वयंपाकघरात आडवी पंगत, भिंतीकडून दिनकरराव, मग मी, मग दाराशी दत्तराव. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा. ठेचा म्हणजे साधासुधा नव्हे. दत्तरावांनी पुण्याच्या ऐटीत बोटभर घेतला आणि त्यांचे कान लाल झाले. डोळ्याला धारा लागल्या. ते तांब्या घेऊन अंगणात पळाले चूळ भरायला. त्यांच्या ताटात अर्धी भाकरी आणि सगळं भरीत तसंच.

इकडं दिनकररावांचं जेवण उरकलं. आता दिनकररावांच्या घरची रीत अशी की जेवलेला पुरुष हात धुवून बाहेर जाऊन बसतो, ताट बायका काढतात. त्यांनी जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नसेल. पण त्या दिवशी त्यांच्या मनात आलं की आपण यांच्या घरी आलोय, आपलं उष्टं यांनी काढावं हे बरं नव्हे. मोठ्या मनानं ते उठले, ताट घेतलं, मागच्या दारानं मोरीवर गेले आणि स्वतः घासून पालथं घातलं. एवढ्या कौतुकानं, की बघणाऱ्याला वाटावं आज लढाई मारली.

धुरपताबाई चुलीपाशी होत्या, पाठ इकडं. दिनकररावांचा तृप्त ढेकर त्यांनी ऐकलेला. त्या लेकीला म्हणाल्या, “सत्ये, एक पाव्हणं जेवलं. ताट उचल गं.” सत्यशीला आतल्या खोलीतून पाणी घेऊन आली. स्वयंपाकघर अंधारं, भिंतीकडं माझ्यापलीकडं जागा रिकामी. दाराकडं एक ताट आणि त्याच्यापुढं माणूस नाही. तिनं ते उचललं.

दत्तराव नाक पुसत परत आले. खाली बसले. भाकरी मोडायला हात पुढं केला आणि हात जमिनीवर टेकला.

“माझं ताट कुठंय?”

मी एवढा हसलो की आमटी नाकात गेली. धुरपताबाई वळल्या. लेकीच्या हातात अर्धी भाकरी असलेलं ताट, दत्तराव हात उष्टे करून बसलेले, आणि मागच्या दारात दिनकरराव ओले हात झटकत उभे. त्यांना सगळं एका नजरेत कळलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“साहेब, तुमी ताट घासलं?”

“अहो, त्यात काय? आपलं ताट आपण उचलावं. आम्ही काही वेगळं मानत नाही.”

“तुमी मानत न्हाई ते लय चांगलं हाय,” धुरपताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “पर मी मानते. मोठ्यांच्या मळ्यात मी खुरपायला जायची तवा आमचं ताट आमीच उचलायचो. घासायचो आन् गोठ्याच्या भिंतीला येगळं पालथं घालायचो. कुणाला आमच्या उष्ट्याला हात लावायचा नव्हता. तवाच मी म्हणलं, माझं घर व्हईल तवा माझ्या घरी पाव्हणा ताट उचलणार न्हाई. बोलावलं कुणी? मी. मंग उचलायचं बी मी.”

दिनकरराव हात झटकायचे थांबले. मग खाली मान घालून म्हणाले, “चुकलं बाई माझं.”

“चुकलं न्हाई. दोघांनी बी उचललं, म्हणून ह्या लेकराची भाकर गेली बघा,” असं म्हणून त्या हसल्या आणि दत्तरावांसाठी नवी भाकरी थापायला बसल्या.

सत्यशीला मात्र ताट घेऊन तशीच उभी होती. मला वाटलं तिला वाईट वाटलं. ती एकदम म्हणाली, “दत्तराव, तुमचा प्रोग्राम माझ्या लायब्ररीला हाक मारतो. काम झाल्यावर चळतीवरचा आकडा कोण काढतो?”

“म्हणजे?”

“तुमी मला आकडा देताना तो यंत्रातल्या चळतीवर ठेवता, ताटावर ताट रचावं तसा. माझं काम झालं की तो उचलायला पायजे. माझ्याकडं मी लिहिलंय की ज्याला बोलावलं त्यानं उचलायचा. म्हणजे मी उचलते. तुमच्याकडं काय लिहिलंय?”

दत्तराव भाकरी विसरले. उष्ट्या बोटानं जमिनीवर रेघा मारू लागले. मग हळूच म्हणाले, “मी काहीच लिहिलेलं नाही. आणि काही लिहिलं नाही तर माझा कंपायलर धरून चालतो की बोलावणाऱ्यानं उचलायचं.”

“म्हणजे तुमी पण उचलायलाव, मी पण उचलायलेय. प्रत्येक ओळीला एक ताट जास्त जायलंय. तीन ओळींना रिकामी जागा पुरली. सातपर्यंत कसंबसं भागलं. आठवीला तुमच्याच जेवणाला हात लागला!”

मी आमटी पुसत विचारलं, “मग तुझ्या मराठीत काही खोट नव्हती म्हणायची?” हे मी मुद्दाम दत्तरावांकडं बघून विचारलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण कान पुन्हा लाल झाले आणि या वेळी ठेचा नव्हता.

धुरपताबाई म्हणाल्या, “काय बोलायलाव रे तुमी? भाकर निवायली.”

येताना जीपमध्ये वाद झाला. विंडोजची रीत बोलावलेल्यानं उचलायची, म्हणजे सत्यशीलाचं बरोबर होतं आणि चूक दत्तरावांची. त्यांनी ते कबूलही केलं. पण त्यांचा कंपायलर पुण्यात. जाऊन, दुरुस्त करून शनिवारच्या आत परत येणं काही जमणार नव्हतं. मी म्हणालो, “चूक त्यांची आणि बदलायचं तिनं? हा कुठला न्याय?” सत्यशीला खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “काका, नियम माझ्या बाजूनं हाय, पण वेळ न्हाई. माझा कंपायलर इथं हाय, त्याला दोन्ही रीती येतात. मी माझा हात आखडते. मायच्या घरचा नियम लावते, बोलावणारा उचलेल.”

सोमवारी सकाळी दहाला तिनं प्रत्येक कामापुढचा एकच शब्द बदलला. लायब्ररी नव्यानं बनवली, जुनीच्या जागी ठेवली आणि दत्तरावांचा प्रोग्राम चालू केला. दिनकरराव तिच्या मागं, दत्तराव बाजूला, मी चाळणीसकट दारात. सहा. सात. आठ! जस्त आलं. नऊ, दहा, अकरा. मी चाळणीच वाजवली, आणि खाली सांडलेली माती मग मीच झाडली. दत्तराव उठले आणि तिला म्हणाले, “मी सहा महिने तुमच्यावर ढकलत होतो. माफ करा.” पुण्याच्या पाण्यानं माणूस अगदीच वाया गेला नव्हता.

लायब्ररीच्या फायलीत सगळ्यात वर तिनं एक ओळ लिहून ठेवली, यंत्र वाचत नाही तसली, पुढच्या माणसासाठी. ‘धुरपताबाईंची रीत: बोलावणाऱ्यानं उचलायचं.’ ती ओळ अजून तिथं असेल.

माती वाळली, चाळली, तपासली. शुक्रवारी, चौदा तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली. सोळा वर्षं झाली होती त्या गोष्टीला. सत्यशीलानं रेडिओवर ती शेवटपर्यंत ऐकली. थोड्या वेळानं उठली, सगळ्यांना चहा केला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःचा कप टेबलावर तसाच ठेवून घरी गेली. तो मी विसळला. कप बरोबर भरले.

शनिवारी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. धुरपताबाई नवं पांढरं लुगडं नेसून आलेल्या. सत्यशीलानं बटण दाबलं आणि प्रिंटर करकरू लागला. अकरा ओळींचा कागद निघाला. तिनं तो फाडला आणि आईच्या हातात दिला. मी सवयीनं चष्मा लावून पुढं झालो होतो. कुणी माझ्याकडं बघितलंच नाही. मी चष्मा काढून खिशात ठेवला.

धुरपताबाईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचायला लागल्या. “न... त्र... कमी.” बोट खाली गेलं. “स्फु... र... द.” तिथं जोडाक्षर आडवं आलं, पण त्यांनी ते ओलांडलं. “स्फुरद, कमी.”

त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग मान वर केली.

“मागच्या डावाला तर जास्त म्हणले व्हते. ज्वारी कशानं गेली म्हणून मी रानाला बोल लावला. माझ्या रानाला.”

मला राहवलं नाही. एवढ्या माणसांत मी पुढं झालो आणि म्हणालो, “बाई, तुमच्या रानात खोट नव्हती. तो कागद मी वाचला होता. मला गाडीची घाई होती, खालच्या ओळीतलं वर वाचलं. आणि तुमच्या लेकीनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.”

मी सत्यशीलाकडं बघितलं नाही. तीच म्हणाली, “मला माहीत होतं, काका. त्या कागदावर पालाशच्या ओळीवर तपकिरीचा अंगठा उमटलेला. इथं तपकीर तुमीच ओढता.”

“मग दोन वर्षं बोलली का नाहीस, मायलासुद्धा?”

“तुमी सांगाल म्हणून.”

त्या क्षणी मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. इतके शेतकरी, ज्यांना मी वर्षानुवर्षं कागद वाचून दाखवले, सगळे माझ्याकडं बघत होते. प्रत्येक जण मनात आपला कागद आठवत असणार.

धुरपताबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढली.

“भाऊ, बसा इथं. मी पहिल्यापासून वाचते. तुमी ओळीखाली बोट धरा. कुणाचं बी बोट घसरायला नको.”

मी बसलो. त्यांनी अकरा ओळी वाचल्या आणि मी अकरा ओळींखाली बोट धरलं. शेवटी टाळ्या पडल्या त्या त्यांच्यासाठी होत्या, पण दोन-चार माझ्याही वाट्याला आल्या असं मी धरून चालतो. त्या दिवसापासून वाचून दाखवायचं माझं काम संपलं. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना त्यांची शाळेत जाणारी पोरं वाचून दाखवू लागली. चहा बंद झाला, तपकीर मी स्वतःच्या पैशानं घेऊ लागलो.

कागदाची घडी घालून कमरेला खोवत धुरपताबाई मला म्हणाल्या, “सुपर फॉस्फेट घालीन. हुरड्याला पुढच्या साली या. आन् त्याच्या आधी उद्या जेवायला या.”

“एवढं झाल्यावर?”

“मी बोलावायलेय ना?”

मी गेलो. भाकरी, भरीत, तोच ठेचा. सत्यशीला वाढत होती, धुरपताबाई चुलीपाशी होत्या. जेवण झालं. मनात एवढं ओशाळलेपण होतं की ताटच काय, सगळी भांडी घासून द्यावी असं वाटत होतं. हात ताटाकडं गेलाही. धुरपताबाईंनी नुसतं बघितलं. मी हात मागं घेतला, ताट जागेवर ठेवून उठलो, आणि खरं सांगतो, एवढं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं.